खाचरातलं पाणी मी काढलं

अहो,

ऐकताय ना? पत्राच्या वर काय लिहायचं, यातच अर्धी सकाळ गेली. उखाणा सोडला तर तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, आता कागदावर लिहायलाही हात धजत नाही. म्हणून घरात हाक मारायची तशीच मारते. अहो!

लिहायचं कारण असं, की आज सकाळी किसन भाऊजींना मी तोंडावर ‘नाही’ म्हणाले. तुमच्या धाकट्या भावाला! ते गेल्यावर एका जागी बसवेना. चुलीपुढं बसले, उठले, कोंबड्यांना दाणे टाकले, पुन्हा बसले. मंदाला फोन लावला तर ती उचलेना. मग म्हटलं, लेकीला कशाला, ज्यांना सांगायला पाहिजे त्यांनाच सांगावं. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी ऐका.

तुम्ही शिमग्यात गेलात. दहाव्याला भावकी अंगणात बसली होती. भाऊजी म्हणाले, “वयनी, तुमी काळजी करू नका. खाचरं मी करतो. निम्मं भात तुमच्या घरात आनून टाकीन.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दारात पदर ओढून बसले होते. म्हणाले, “यंदा मला करू द्या.”

मग तुमच्या हौसाआत्याच बोलल्या, “करू द्या की रं तिला. तेवढंच मन रमंल.”

मन रमेल! जशी मी दारात रांगोळी काढायची परवानगी मागत होते!

तेव्हा भाऊजींनी अट घातली. “बरं. एक साल करा. दादाच्या येळंला कणगी गळ्यापोतर भरायची. भरली तर खाचरं तुमी करा. न्हाई भरली तर पुढल्या सालापून मी करनार.” आपल्या त्या बांबूच्या कणगीकडं सगळ्यांनी वळून पाहिलं. तीन खाचरांचं सगळं भात तिच्यातच जातं, हे भावकीला माहीत. मी काही बोलले नाही.

तर असं हे. एक साल मिळालं. आणि त्याच सालात मी तुमच्या खाचरातलं पाणी काढलं.

आता चिडा.

राजूरची ती सभा आठवते का? भातवाल्यांना बोलावलं होतं. कृषी खात्याची एक मुलगी आली होती, तिनं पुस्तिका वाटल्या. फरशी ओली होती, म्हणून बाप्यांनी त्या पुस्तिका पसरल्या आणि वर बैठक मारली. तुम्हीसुद्धा! निघताना तुमच्या खालची मी ओढून घेतली आणि पिशवीत टाकली. “मास्तरीन,” तुम्ही म्हणालात, “आता ह्येचंबी वाचन करनार का?”

केलं. मंदाच्या शाळेच्या पुस्तकांवरून मी अक्षरं जुळवायला शिकले, तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते. खताच्या गोणीवरचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं, शाळेच्या कपाटातल्या गोष्टी. तुम्ही कधी अडवलं नाहीत, हे चारचौघांत सांगते. पण मी वाचलेलं तुम्ही कधी मनावरही घेतलं नाहीत, हे तुम्हाला सांगते.

त्या पुस्तिकेत होतं, की खाचरात पाणी सारखं उभं राहिलं की चिखलाला हवा मिळत नाही. मग त्या बिनहवेच्या चिखलात एक वायू तयार होतो, भाताच्या चुडातूनच, रोपांच्या जुडग्यातूनच वर चढतो आणि आभाळात जातो. हवा तापवतो. आवणीला, रोपं लावायला चिखलात पाय घातला की बुडबुडे फुटायचे ना? तुम्ही म्हणायचात, “बघ, जमीन उसासे टाकती.” तोच तो. सयाजीच्या गोठ्यामागं गोबर गॅसची टाकी आहे, तिच्यातही तोच वायू असतो. तो टाकीत कोंडून सयाजीची बायको चहा करते, आणि आपल्या खाचरातला फुकट वर जाऊन पाऊस बिघडवतो!

पाऊस बिघडलाय हे तर तुम्हीच रोज म्हणत होता. राबातली रोपं पिवळी पडेपर्यंत येत नाही आणि कापणीला आलं की सोडत नाही. मग बिघडवला कुणी, एवढं विचारायला नको का?

उपायही लिहिला होता. आवणी नीट लागली की पाणी मधेमधे काढायचं. चिखल जरा वाळू द्यायचा, हवा खेळू द्यायची आणि पुन्हा भरायचं. पाणी मातीखाली वीतभर गेलं की भरायचंच, त्याहून खाली जाऊ द्यायचं नाही. भातानं पोटरी धरली, आत कणीस फुगायला लागलं, की तेव्हापासून फुलोरा सरेपर्यंत मात्र पाणी हटू द्यायचं नाही, नाहीतर दाणा भरत नाही. एवढं सांभाळलं तर वायूही कमी होतो आणि भातही घटत नाही.

तुम्ही खाटेवर पडलेले असताना हे सगळं मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. माघ होता, उन्हात खाट टाकली होती. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मला वाटलं, पटतंय. मग डोळे न उघडताच म्हणालात, “माझ्या खाचरातलं पानी कुनी काढलं तर हात तोडीन त्याचा.” आणि हसलात. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली, आणि विषय तिथंच राहिला.

तुम्ही गमतीनं म्हणालात का खरंच? मला अजून कळलेलं नाही.

मंदाला सांगितलं तेव्हा ती श्रीगोंद्याहून फोनवर ओरडली. “आई, येड लागलं का तुला? यंदाच कशाला? एक साल आबांसारखं कर, खाचरं हातात ठिव, मग पुढच्या साली घाल काय घालायचा तो गोंधळ!”

“आन् पुढच्या साली खाचरं हातात ऱ्हायली न्हाई तर?”

“म्हनून तर म्हनते!”

“म्हनून तर मीबी म्हनते. एकच साल गावलंय. ते तरी माज्या डोक्यानं करू दे.”

“इकडं अख्खा ऊस रात्रंदिवस पानी पितोय, त्याला कुनी इचारत न्हाई. तुज्या तीन खाचरांनी काय आभाळ थंड हुनार हाय का?” मग तिचा आवाज खाली आला. “त्यापरीस इकडं ये. आमच्याजवळ ऱ्हा.”

लेक चांगली आहे. पण तिच्या घरात मी पाहुणी आणि खाचरात मी मालकीण, हे तिला फोनवर कसं सांगू?

तर रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजला, त्यात भात पेरलं, आषाढात आवणी केली. आषाढात पाणी काढायची सोयच नव्हती. वरून धो धो येत होता, आणि तसंही रोप मुळं धरेपर्यंत पाणी लागतंच. श्रावणात उघडीप पडली. मी एका पाईपच्या तुकड्याला तापल्या सळईनं भोकं पाडली आणि वरच्या खाचरात तो चिखलात उभा रोवला. आत डोकावलं की पाणी किती खाली गेलंय ते दिसतं. हौसाआत्या काठी टेकत आल्या, बघत उभ्या राहिल्या.

“काय गं हे? सरकारनं खाचरात नळ दिला का?”

“व्हय आत्या. तोटी तेवढी यायची बाकी हाय.”

“आली की माज्या दारातबी एक लाव. तिथं दोन वर्सं नुसता पाईपच हाय.”

मग मी बांधाचं तोंड फोडलं. खरं सांगू? फावडं उचललं आणि तुमचा आवाज कानात आला. हात तोडीन! तरी घातला घाव. पाणी भळाभळा मधल्या खाचरात, तिथून खालच्यात आणि तिथून भाऊजींच्या खाचरात उतरलं. मी बांधावर बसून बघत राहिले. भीती वाटली. आवडलंही.

संध्याकाळी जाऊन बघते तर तोंड बंद! चिखलाचे गोळे नीट बसवलेले, वरून तळव्यानं लिंपलेलं. खाचर पुन्हा भरत आलेलं. मला वाटलं, भाऊजी. अजून कोण? तशीच त्यांच्या दारात गेले. “भाऊजी, माज्या बांधाला हात लावू नका. एक साल म्हनला हुता ना?”

ते भाकरी खात होते. घास हातातच राहिला. “आमी कशाला लावू? मी आज दिसभर तालुक्याला, अकोल्याला हुतो की.”

मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड फोडलं आणि करवंदीच्या जाळीमागं बसले, चोर धरायला. आणि काय बघितलं सांगू? आधी दूधवाला सयाजी आला. पाणी वाहताना दिसलं, तसा थांबला, सायकल लावली, चपला काढल्या, चिखल घातला, हात गवताला पुसले आणि गेला. मी उठून पुन्हा फोडलं. मग शाळेचे गुरुजी आले. पँट वर दुमडून त्यांनीही तेच केलं! दुपारी एक अनोळखी माणूस, बहुतेक पलीकडच्या वाडीचा पाहुणा. शेवटी आपल्या हौसाआत्या. कंबर धरून धरून वाकल्या, “कुनाचं गं बाई वाया चाललंय,” असं पुटपुटत त्यांनी मूठ मूठ चिखल बसवला.

कुणी इकडंतिकडं पाहिलं नाही. खाचर कुणाचं, हेही कुणाच्या मनात आलं नाही. भाताचं पाणी वाहून जातंय, थांबवायचं, संपलं.

अहो, ही सवय गावाला कुणी लावली? तुम्हीच ना? मंदाच्या साखरपुड्याला निघालो होतो, नवं धोतर, फेटा. घाटाखाली कुणाच्या तरी खाचराचा बांध फुटलेला दिसला आणि तुम्ही टेम्पो थांबवलात. अर्धा टेम्पो हसत होता, मी रडकुंडीला आले होते, आणि तुम्ही गुडघाभर चिखलात! पुढं व्याह्यांच्या दारात तसेच उतरलात. “चिखल हाय, श्यान न्हाई,” म्हणालात.

त्या जाळीमागं मी बसले आणि मला रागही येईना. तुम्ही गेलात, पण गावातलं प्रत्येक माणूस तुमच्याच हातानं माझं काम मोडत होतं. आता सांगा, कुणाशी भांडू?

भांडले मात्र. नाही भांडून काय करते? दळणाला गेले तेव्हा गिरणीत सगळ्यांना सांगितलं, “माज्या खाचराचं तोंड उघडं दिसलं तर उघडंच ऱ्हाऊ द्या. मीच फोडलंय.” आधी कुणाला खरंच वाटेना. मग वायूचं सांगितलं. दामू गिरणीवाला पट्टा सरकवता सरकवता म्हणाला, “म्हंजी मोटारी त्येंच्या, इमानं त्येंची, कारखाने त्येंचे, आन् खोट आपल्या चिखलात व्हय?”

“त्येंचीबी हाय. आपलीबी हाय.”

“आज पानी बंद. उद्या राब भाजायचा बंद. परवा चूलबी बंद करशील.”

“चूल बंद केली तर तुजी गिरनी कोन चालवंल? बस गप.”

बाया हसल्या. पण दामू खोटं बोलला नव्हता. राबाचा धूर मलाही दिसतो, त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. आणि विमानंवाल्यांना कोण विचारतंय, हेही खरं. रात्री अंथरुणात पडून मी त्याला उत्तर दिलं, नेहमीसारखं उशिरा. त्यांच्या विमानापर्यंत माझा हात पोचत नाही. माझ्या बांधापर्यंत पोचतो. जिथं पोचतो तिथलं मी बघणार. त्यांनी काही केलं नाही म्हणून मीही काही करायचं नाही, अशी बरोबरी मला नको.

भाऊजींचं गाऱ्हाणं मात्र खरं होतं. वरचा झरा आधी आपल्यात येतो आणि आपल्यातून त्यांच्यात. मी पाणी सोडलं की त्यांची खाचरं तुडुंब, ते कधी बोलले नाहीत. मी भरून घ्यायला लागले की त्यांचं तुटायचं, तेव्हा लगेच बांधावर हजर! “वयनी, माजं भात काय तुमच्या परयोगासाठी वाळवू का?” त्यांचं तोंड बघून हसू आलं, पण बरोबर होतं. मग मी तोंडाशी दगड लावून थोडं थोडं त्यांच्याकडं जाऊ दिलं. माझं खाचर भरायला वेळ लागला, लागू दे.

कष्टही वाढले, ते लपवत नाही. पाणी हटलं की गवत वर येतं. तुमच्या उभ्या पाण्यानं ते दबून राहायचं, हे तुमचं बरोबर होतं, घ्या! सगळा श्रावण वाकून खुरपत होते. युरियाही मुठीनं फेकला नाही. पाणी काढलेल्या खाचरात तो उधळला की दुसराच एक वायू निघतो म्हणे, पहिल्याहून वाईट. म्हणून खताची गोळी चार चुडांच्या मधे, एकेक करून, बोटानं चिखलात दाबली. नखं काळी पडली. हौसाआत्या म्हणाल्या, “भाताला औशिद पाजतीस का गं?”

पण मुळं बघायला हवी होती तुम्ही! एक चूड उपटून पाहिला. पांढरीशुभ्र, दाट, खोल गेलेली. तुमच्या वेळी मुळं काळपट यायची आणि आपण म्हणायचो, मातीचा रंग लागला. मी एकटीच बांधावर उभी राहून हसत होते. तो चूड पुन्हा लावला.

भादव्यात भातानं पोटरी धरली. मी तिन्ही तोंडं नीट बंद केली, पाणी उभं ठेवलं. आता काढायचं नाही. तापाची कणकण होती, म्हणून पुढं काही दिवस घरीच पडून राहिले. उठून गेले तर खालचं खाचर कोरडं! भेगा पडलेल्या. आणि भात ऐन फुलोऱ्यात.

कुणी केलं, ते लपलंही नाही. हौसाआत्या त्यांच्या ओट्यावरूनच ओरडल्या, “तुजं तोंड बंद झालं हुतं गं! कुनीतरी मेल्यानं परत लिंपलं हुतं. मी फोडून दिलं. तूच म्हनली हुतीस ना, उघडं ऱ्हाऊ द्या?”

केवढ्या आनंदानं सांगत होत्या! त्या कमरेनं, काठी टेकत, माझ्यासाठी गेल्या होत्या. “बरं केलं आत्या,” म्हणाले, पळत जाऊन तोंड बुजवलं आणि बांधावर बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा माणसं होती, रीत होती, तेव्हा असं रडता आलं नव्हतं. त्या भेगांकडं बघून आलं.

गावाला मी ‘उघडं ठेवा’ एवढंच शिकवलं. कधी उघडं आणि कधी बंद, ते सांगायचं राहिलं.

कार्तिकात कापणी झाली, झोडणी झाली. वरच्या दोन खाचरांत दाणा तुमच्या वेळेसारखाच, टपोरा. परतीच्या पावसातल्या वाऱ्यात भाऊजींचं भात लोळलं, आपलं उभं राहिलं. पण खालच्या खाचरात पोचट निघालं, वारवताना भुसकटाबरोबर उडून गेलं. सगळं कणगीत घातलं. गळा अजून वीतभर वर राहिला.

आज सकाळी भाऊजी आले. मी चहा टाकला. ते बसले नाहीत, सरळ कणगीपाशी गेले, आत हात घातला, कोपरापर्यंत.

“वयनी, भरली न्हाई.”

“न्हाई भरली.”

“मंग आता कसं?”

“कसं म्हंजी? च्या घ्या.”

“आपलं ठरलं हुतं.”

“तुमचं ठरलं हुतं, भाऊजी. मी कवा व्हय म्हनले?”

त्यांनी कणगीतला हात बाहेर काढला. “गप बसला हुता की तुमी.”

“गप बसले हुते. व्हय म्हनले नव्हते.”

अहो, हे वाक्य कुठून आलं कुणास ठाऊक! पण आलं, आणि मग थांबेना. म्हणाले, “दोन खाचरं भरून आली. तिसऱ्याचं काय झालं ते तुमालाबी ठावं हाय. पानी काढल्यानं न्हाई गेलं, नको तवा काढल्यानं गेलं. पुढल्या साली न्हाई जानार. खाचरं मीच करनार. न्हाई देत.”

भाऊजी खाली बसले. म्हणाले, “वयनी, मला भाताचं पडलंय व्हय? लोकं म्हनत्यात, भावजय चिखलात आन् दीर बांधावर. मान खाली जाती माजी.”

तेव्हा मला कळलं. एवढंच होतं! आणि आम्ही वर्षभर कणगी मापत बसलो!

“मंग तुमीबी उतरा चिखलात. बांधावर कोन उभं ऱ्हायला सांगितलंय?”

हसू आलं त्यांना, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. मग शेवटचं निघालं, मी वाटच बघत होते. “दादा आसता तर त्यानं हे चालू दिलं नसतं.”

“नसतं दिलं. त्यास्नीबी मी न्हाईच म्हनले असते.”

त्यांनी चहा घेतला. दारात चपला घालताना, पाठमोरेच, म्हणाले, “पुढल्या साली भरून घ्यायच्या आदी एक हाळी देत जा. म्हंजी मी माजं आदी भरून घेईन.” आणि गेले.

इथपर्यंत सगळं खरं सांगितलं. त्या एका वाक्यापाशी मात्र अडकलेय. तुम्हालाही नाही म्हणाले असते! असते का? तुम्ही खाटेवर हसत हात तोडायचं बोललात, तेव्हा मी पाठ चोळत बसले. त्याआधीही कितीदा बसले. मंदाची शाळा सुटली तेव्हा, बैल विकले तेव्हा. तुम्ही वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. मी गप्प राहिले की तुम्ही ते ‘हो’ धरायचा, आणि मीही धरू दिलं. तुम्ही असता तर आजही कदाचित खाचरात पाणी उभं असतं आणि मी आत भाकरी थापत असते.

आठवण येते. रोज येते. बांधावरून कुणी खाकरलं की वळून बघते. पण तुम्ही असता तर खूश झाला असता, असं मी कुणाला सांगत नाही. तुम्ही चिडला असता. दोन दिवस जेवला नसता. चिडायला तरी असायला हवे होतात.

म्हणून भाऊजींना म्हणाले ते आज तुम्हालाही म्हणते, पहिल्यांदा, लिहून: नाही. सारखं पाणी उभं ठेवणार नाही. येत्या आषाढात आवणी होईल, श्रावणात उघडीप पडली की तिन्ही खाचरांचं पाणी काढीन. भाऊजींना हाळी देईन. हौसाआत्यांना शेजारी बसवून, भातानं पोटरी धरली की बांधाच्या तोंडाला हात लावायचा नाही, हे त्यांना घोकून घेईन. फुलोऱ्यात ताप आला तरी बांधावर जाऊन झोपेन. घरात खायला भात कमी पडू देणार नाही आणि वर जाणारा वायू जेवढा माझ्या हातानं थांबेल तेवढा थांबवीन. हातपाय चालतात तोवर खाचरं मीच करीन, हा तुम्हाला माझा शब्द. आणि हा शब्द मी गप्प बसून नाही, बोलून दिलाय, नीट ऐकून ठेवा.

न ऐकणारी, तरी तुमचीच,
भागीरथी